मदत हवी आहे: मॉनिटरिंगचं डॉक्युमेंट सर्व्हरशी जुळतं ठेवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, मिहानकडे एका छोट्या कंपनीत तीसेक लिनक्स सर्व्हर सांभाळतो. टूल्स बरी चालतात, दुखणं आमच्या विकीचं, म्हणजे कामाच्या सूचना लिहिलेल्या पानांचं आहे.

गेल्या आठवड्यात रात्री दीडला फोन आला, बिलिंगचं पेज रेंगाळतंय. शिफ्टला नवीन पोरगा. त्याने शहाण्यासारखं विकीचं पान उघडलं. पान म्हणतं: 'फ्री' (मेमरी किती मोकळी ते दाखवणारी) कमांड चालवा, 'बफर्स/कॅश'च्या ओळीतला फ्री आकडा १ जीबीच्या खाली गेला असेल तर डेटाबेस रीस्टार्ट करा. हे पान सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सच्या काळातलं. 'फ्री' ज्या पॅकेजात येते त्या प्रॉक्प्स-एनजीच्या ३.३.१० पासून ती ओळच गेली आणि 'अव्हेलेबल' (प्रोग्रामना खरोखर मिळू शकणारी मेमरी) हा रकाना आला. पोराला ओळ सापडेना, म्हणून समोर दिसला तो फ्री आकडा धरला: ६१० एमबी. त्याच्याच शेजारी बफ/कॅश २१ जीबी, अव्हेलेबल १९ जीबी! बॅकअप चालू होता, त्याने वाचलेल्या फाइलींनी कॅश भरली होती, आणि गरज पडली की ती मेमरी सुटतेच. पेज रेंगाळत होतं ते डिस्कपायी. रीस्टार्टनंतर वीस मिनिटं बिलिंग ठप्प. सकाळी म्हणतो, "सर, पानावर होतं तसंच तर केलं ना जी मी." काय बोलता त्याला? पान मीच लिहिलंय.

मग बाकीची पानं चाळली आणि झोपच उडाली. प्रोमेथियस या मॉनिटरिंग टूलला सर्व्हरचे आकडे पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरने ०.१६.० मध्ये, म्हणजे २०१८ साली, ढिगाने मेट्रिकची, म्हणजे त्या आकड्यांची नावं बदलली; मेमरीच्या नावांमागे 'बाइट्स' लागलं. आमच्या एका जुन्या सर्व्हर-गटाचा एक्सपोर्टर आत्ता दिवाळीत अपग्रेड झाला, अलर्टचा नियम मात्र जुन्याच नावाचा. नावच नसेल तर क्वेरीचं उत्तर रिकामं, आणि रिकाम्या उत्तरावर अलर्ट वाजत नाही. सगळं हिरवंगार. विकीत लिहिलंय, 'मेमरीचा अलर्ट येईल'. येणार कुठून?

'दर तिमाहीला तपासा' हे करून झालंय. दोनदा झालं, मग बारगळलं. प्रत्यक्षात टिकलेली पद्धत कोणाकडे आहे का?

प्रतिसाद १
विकी सोडा. पान अलर्टच्या नियमाशेजारी, त्याच गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवा. नियम बदलला आणि पान नाही बदललं तर रिव्ह्यूत अडवायचं. अलर्टच्या मजकुरातच पानाची लिंक द्या, म्हणजे रात्री शोधाशोध नको.

प्रतिसाद २
गिटने पहिला घोळ सुटत नाही. 'फ्री' बदलली तेव्हा यांच्या गिटमध्ये काहीच हललं नसतं. आम्ही पानावर कमांडचं खरं आउटपुट चिकटवतो आणि वर व्हर्जन लिहितो. समोरचं आउटपुट वेगळं दिसलं की रीस्टार्ट न करता फोन करायचा, हा नियम. मेमरी-सीपीयूचे आकडे दाखवणाऱ्या 'व्हीएमस्टॅट' कमांडची पहिली ओळ बूटपासूनची सरासरी असते, हेही पोरांना तसं आउटपुट दाखवूनच कळलं. आणि महिन्यातून एकदा भर दुपारी नवीन माणसाला पान देऊन बसवतो, लिहिणारा मागे उभा, तोंड बंद ठेवून. तोंड बंद ठेवणंच जड जातं.

प्रतिसाद ३
मेलेल्या अलर्टसाठी 'ॲबसेंट' फंक्शन वापरा: मेट्रिक गायब झालं की वाजेल. प्रोमेथियससोबत येणाऱ्या 'प्रॉमटूल'च्या भरवशावर राहू नका. त्याचं 'चेक रूल्स' नियमाची रचना तपासतं, ते मेट्रिक तुमच्याकडे येतंय का हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या टेस्टमधला डेटाही तुम्हीच लिहिता, जुन्या नावाने लिहिलात तर पास होणारच.

धागाकर्ता
आभारी आहे राजेहो. कालच सगळ्या नियमांमधली नावं काढून चालू सर्व्हरवर एकेक क्वेरी मारली. आणखी दोन मेलेले निघाले, त्यातला एक डिस्क भरल्याचा. ते दुरुस्त केले. पोराला आज दुपारी तेच 'फ्री'चं पान दिलं, पण नव्याने त्यालाच लिहायला लावलं. मी मागे उभा होतो. तोंड बंद राहिलं नाही. आता एकच विचारायचंय: आउटपुट चिकटवताना सर्व्हरची नावं, आयपी झाकायला काही सोपं स्क्रिप्ट आहे का कोणाकडे?