थेल्मा रिटरचं १९५५ चं टीव्ही नाटक कुठे पाहता येईल?

आमच्या फिल्म क्लबात थेल्मा रिटरवर बोलायचं आहे, त्यासाठी मदत हवी आहे. ब्रुकलिनची ही अभिनेत्री सिनेमात आली तेव्हा चाळिशी उलटून गेलेली. पहिल्या भूमिकेत, १९४७ साली, श्रेयनामावलीत नावही नव्हतं. पुढे सहाय्यक अभिनेत्री म्हणून ऑस्करची ६ नामांकनं, पुरस्कार एकही नाही! 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' या सिनेमातली तिची मो ही भूमिका पाहाच. टाय विकणारी, पोलिसांना खबर देणारी, स्वतःच्या दफनाच्या जागेसाठी पैसे साठवणारी. मारेकरी खोलीत येऊन बसलाय आणि ती पलंगावर पडून फक्त आपण किती थकलोय ते सांगते. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम.

सिनेमे मिळालेत. अडलंय ते 'द केटर्ड अफेअर' या पॅडी चायेफ्स्कीच्या नाटकापाशी. १९५५ साली टीव्हीवर त्यातली आई रिटरने केली होती. पुढच्या वर्षीच्या सिनेमात ती भूमिका बेटी डेव्हिसकडे गेली. तो सिनेमा माझ्याकडे आहे, कृपया त्याची लिंक नको.

यूट्यूब, इंटरनेट आर्काइव्ह आणि जुन्या टीव्ही नाटकांचे डीव्हीडी संच धुंडाळून झाले. छोटे तुकडेही हाती लागले नाहीत. चोरीची प्रत नको, कारण कार्यक्रम जाहीर आहे. सबटायटल्स नसली तरी चालेल. मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती मॅनहॅटनला जाऊन पाहून टिपणं काढायला तयार आहे.

न्यूयॉर्कच्या पेली सेंटरमध्ये (टीव्ही-रेडिओ कार्यक्रमांचा संग्रह) किंवा दुसऱ्या एखाद्या संग्रहात याची प्रत कुणी पाहिली आहे का, आणि तिथे बाहेरच्या माणसाला आधी वेळ घ्यावी लागते का?