कागदपत्रांविना सीमा ओलांडणारा मजूर किती कुशल, हे कशावरून ठरते?

तिफण (धागा सुरू करताना)

अमेरिकेत कागदपत्रांविना काम करणाऱ्या मेक्सिकन मजुरांचा विषय निघाला की, तिथे जाणारे सगळे अडाणीच असतात, असे गृहीत धरले जाते. याला अर्थशास्त्राचा आधारही दिला जातो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी १९८७ मध्ये मांडले की ज्या देशात शिकलेल्याच्या आणि न शिकलेल्याच्या मिळकतीत मोठी तफावत असते, तिथला शिकलेला माणूस मायदेशीच थांबतो, कारण त्याच्या शिक्षणाचे मोल त्याला तिथेच अधिक मिळते. देश सोडतो तो कमी शिकलेला. मेक्सिकोतील तफावत अमेरिकेपेक्षा मोठी असल्यामुळे हा निष्कर्ष तिथे तंतोतंत लागू पडायला हवा होता.

तो तसा लागू पडला नाही. चिकियार आणि हॅन्सन यांनी २००५ मध्ये दोन्ही देशांच्या जनगणना शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा स्थलांतरित मुख्यतः मधल्या थरातले आढळले. त्याच वर्षी ओरेनियस आणि झावोदनी यांनी केवळ विनाकागद जाणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीमेवरचा पहारा कडक झाला की जाणाऱ्यांचे सरासरी शिक्षण वाढते, असे त्यात दिसले.

माझ्या मते यामागचे मुख्य कारण सीमा ओलांडण्याचा खर्च हे आहे. पलीकडे पोहोचवणाऱ्या दलालाला, ज्याला तिकडे ‘कोयोते’ म्हणतात, पैसे मोजावे लागतात, आणि भूमिहीन शेतमजुराला तेवढी रक्कम उभी करता येत नाही. वरच्या थरातल्याला एक तर व्हिसा मिळतो किंवा जाण्याची गरजच वाटत नाही. १९९३ मध्ये एल पासो येथे आणि १९९४ मध्ये सॅन दिएगो येथे पहारा वाढवल्यावर वाटा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळल्या, तिथे माणसे उन्हाने आणि तहानेने मरू लागली, आणि दलालांचे दरही चढले. कुंपण घालणारे सरकार माणसे अडवतेच, पण कोणत्या थरातला माणूस आत येणार हेही नकळत ठरवते.

उंबरठा

खर्चाचे महत्त्व मला मान्य आहे. मात्र तो सर्वांना सारखाच पडतो हे आपले गृहीतक मला मान्य नाही. ज्याचा चुलतभाऊ शिकागोत आहे, त्याला दलालाचे पैसे तिकडून उसने मिळतात, उतरायला खोली मिळते, आणि कामावर घेणाऱ्या मुकादमाची ओळखही मिळते. मॅकेन्झी आणि रापोपोर्ट यांनी २०१० मध्ये नेमके हेच दाखवले : ज्या गावांतून फारसे कोणी गेलेले नाही तिथून तुलनेने शिकलेले जातात, आणि जिथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जात आहेत तिथून कमी शिकलेलेही जाऊ शकतात.

या ओळखी आपोआप निर्माण झालेल्या नाहीत. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली अमेरिकेने स्वतः सुमारे ४६ लाख करार करून मेक्सिकन पुरुषांना शेतीकामासाठी नेले. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाह्वातो, साकातेकास या राज्यांतल्या गावांना उत्तरेची वाट तेव्हा पक्की माहीत झाली. योजना बंद झाली, तरी शेतमालकांची गरज आणि गावांच्या ओळखी कायम राहिल्या. त्यामुळे कौशल्याची पातळी आजच्या दरांपेक्षा या जुन्या भरतीने अधिक घडवली, असे मी म्हणेन.

द्राक्षवेल

आपण दोघेही शाळेतल्या इयत्ता मोजत आहात आणि त्यांना कौशल्य म्हणत आहात. मी नाशिकजवळच्या द्राक्षबागायतदार घरातला असून काही वर्षे कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो परिसरात राहिलो आहे. आपल्याकडची थॉमसन सीडलेस तिकडेही बेदाण्यासाठी पिकते. छाटणीला आलेले मजूर कोणती काडी ठेवायची, तिच्यावर किती डोळे राखायचे, हे ज्या वेगाने आणि अचूकतेने ठरवत होते, ते पाहिल्यावर त्यांना अकुशल म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी प्राथमिक शाळाही पुरी केलेली नसेल, आणि आपल्या तक्त्यात ते सगळ्यात खालच्या रकान्यात जातील.

दुसरे असे की अमेरिकन जनगणनेत लपून राहणारी काही माणसे मोजायची राहून जातात. फर्नांडेस-ह्वेर्तास मोरागा यांनी २०११ मध्ये मेक्सिकोतल्या कुटुंब-पाहणीवरून गेलेल्या माणसांची माहिती मिळवली, तेव्हा जाणारे हे मागे राहिलेल्यांपेक्षा कमी शिकलेले आणि कमी कमावणारे निघाले.

आणि पोहोचल्यावर काय होते? ज्याला परवाना काढता येत नाही, मालकाशी भांडता येत नाही, त्या सुताराला भांडी घासावी लागतात. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रे मिळाली, आणि त्यांतील पुरुषांची मजुरी सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याचे पुढे दिसून आले. माणसे तीच होती. कागद नसणे हेच त्यांना अकुशल ठरवत होते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तिफण

छाटणीचा मुद्दा मी मान्य करतो. शिक्षणाला कौशल्य म्हणणे ही माझी चूक झाली. मात्र मोरागा यांचाच नंतरचा अभ्यास पाहावा. शहरांतून कमी शिकलेले जातात, पण ग्रामीण मेक्सिकोत चित्र उलटे असू शकते, असे त्यात दिसते, आणि गावाकडे प्रवासाचे पैसे जमवण्याची अडचण हे त्याचे एक कारण दिले आहे. म्हणजे खर्चाचा उंबरा तिथेही आडवा येतोच.

उंबरठा

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला परत पाठवले. त्यांत हरयाणा, गुजरात आणि पंजाब यांचे लोक सर्वाधिक होते, महाराष्ट्राचे तिघे. मजुरीतली तफावत बिहारच्या मजुरालाही मोठीच, पण त्या विमानात प्रामुख्याने दिसली ती ‘डंकी’ची, म्हणजे देशोदेशींच्या सीमा चोरून ओलांडण्याची, वाट आणि तिचे दलाल ज्या भागांना माहीत आहेत तिथली माणसे.

तिफण

त्यांतल्या अनेक घरांनी त्यासाठी जमीन विकली किंवा गहाण टाकली होती. विकायला जमीन असणे हाही खर्चाचाच भाग आहे. नुसत्या ओळखीवर एवढा लांबचा प्रवास होत नाही.

द्राक्षवेल

हे उदाहरण मला आपल्या दोघांच्याही विरोधात जाणारे वाटते. जमीन कोणाकडे होती आणि दलाल कोणाच्या ओळखीचा होता, एवढेच त्यावरून समजते. परत आलेल्या त्या १०४ जणांना कोणते काम येत होते, हे ना आपल्या खर्चाच्या हिशेबातून कळते, ना त्यांच्या ओळखींतून.