मदत हवी आहे: सिंथच्या नॉबचे ऑटोमेशन सलग कसे नोंदवावे?

जाणकारांना नमस्कार. परभणीत घरच्या स्टुडिओत मी गोंधळाच्या संबळाखाली हार्डवेअर सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) लांब खर्ज ठेवला असून, त्याच्या फिल्टरचा कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापतो ती मर्यादा) आठ आवर्तनांत अगदी सावकाश उघडावा, अशी माझी इच्छा आहे. नॉब हाताने फिरवताना आवाज सलग उलगडतो. पण तीच हालचाल ऑटोमेशन म्हणून मिडीवरून (वाद्य आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या पद्धतीने) नोंदवून परत वाजवली, की खर्जात बारीक करकर येते आणि सॉफ्टवेअरमधली लेन (ही हालचाल दाखवणारी पट्टी) मोठी करून पाहिल्यास रेषेऐवजी जिना दिसतो.

साधा सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे नॉबची स्थिती कळवणारा) मिडी संदेश 7 बिटांचा, म्हणजे 0 ते 127 अशा 128 पायऱ्यांचाच असतो, आणि रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठावदार करणारी सेटिंग) चढवलेला असला की प्रत्येक पायरी कानाला टोचते. लेनमध्ये वक्ररेषा काढूनही उपयोग होत नाही, कारण बाहेर जाताना ती त्याच 128 आकड्यांवर येते. सिंथच्या मेनूत एनआरपीएनचा (अधिक बारीक पायऱ्या देणाऱ्या मिडी संदेशांचा) पर्याय आहे आणि त्यात 16,384 पायऱ्या मिळू शकतात. मात्र त्यासाठी 99, 98, 6 आणि 38 या क्रमांकांचे सीसी संदेश जातात व माझे सॉफ्टवेअर ते चार वेगळ्या लेनमध्ये नोंदवते, त्यामुळे संपादन जवळजवळ अशक्य होते.

हे संदेश एकाच वक्ररेषेत हाताळणारे सॉफ्टवेअर किंवा प्लगइन कोणी वापरले आहे का? पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट एवढाच असल्याने यूएसबीने जोडल्यास फरक पडेल का? थेट ऑडिओ रेकॉर्ड करण्याचा मार्ग मला ठाऊक आहे, परंतु संबळाची लय गाण्यागणिक बदलते, म्हणून नंतर दुरुस्त करता येणारे ऑटोमेशनच मला हवे आहे.