पश्चिमेकडची जमीन आणि पुढे ढकललेला प्रश्न

वाटसरू (मूळ धागा):

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की गाडी थेट १८६१ वर येते. लिंकन, फुटलेली दक्षिणेची राज्यं, समटर किल्ल्यावरचा तोफांचा मारा. गेले काही महिने मी त्याआधीची सत्तर वर्षं वाचतोय आणि माझं मत पक्कं झालंय. या युद्धाचं बी पहिल्या सात अध्यक्षांच्या काळातच पेरलं गेलं. पश्चिमेला नवी जमीन मिळत गेली, आणि तिथे गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही, हा प्रश्न प्रत्येकानं पुढच्याच्या गळ्यात टाकला.

सगळ्यात जास्त राग तिसरा अध्यक्ष जेफरसन याचा येतो, कारण त्याला कळत होतं. १८०० नंतर पश्चिमेच्या कुठल्याही नव्या राज्यात गुलामगिरी नको, हे कलम १७८४ मध्ये त्यानंच मांडलं होतं. ते एका राज्याच्या मतानं पडलं. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारपणामुळे सभेत नव्हता, म्हणून त्या राज्याचं मत धरलंच गेलं नाही. पुढे १७८७ मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेला बंदी आली, दक्षिणेला मोकळं रान राहिलं.

मग १८०३. दीड कोटी डॉलरमध्ये नेपोलियनकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा अवाढव्य लुइझियाना प्रदेश घेतला आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. अशी खरेदी करायचा अधिकार राज्यघटना आपल्याला देत नाही, असं जेफरसनचं स्वतःचं मत होतं. घटनादुरुस्तीचा मसुदाही त्यानं लिहून पाहिला. पण नेपोलियनचं मन फिरेल या धास्तीनं तो विचार बाजूला ठेवला. जमिनीसाठी तत्त्वाला मुरड घालता आली. मग त्या जमिनीवरच्या माणसांसाठी एवढा मोठा अध्यक्ष गप्प का बसला?

१८१९ मध्ये मिसूरी दारात येऊन उभा राहिला. तेव्हा गुलामगिरीची ११ आणि मुक्त ११ राज्यं होती. मिसूरी गुलामगिरीसह आणि मेन मुक्त, आणि बाकीच्या लुइझियानात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला बंदी, अशी तडजोड झाली. मार्च १८२० मध्ये तेव्हाचा अध्यक्ष मनरो यानं सही केली. ही बातमी आपल्याला रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखी वाटली, असं जेफरसननं पत्रात लिहिलं. आणि त्याच पत्रात, गुलाम मोठ्या प्रदेशात पांगले तर त्यांचे हाल कमी होतील, असंही लिहिलं! मला हे अक्षम्य वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

नदीकाठ:

पूर्ण असहमत. तुम्ही नकाशा वरून बघताय, जरा ओहायोच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. १७६३ मध्ये इंग्रजांच्या राजानं ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातली, ती कुणी पाळली? केंटकी १७९२ मध्ये राज्य झालंसुद्धा. त्या शेतकऱ्याचं धान्य आणि डुकराचं मांस डोंगर ओलांडून पूर्वेला न्यायचं तर वाहतुकीतच पैसे संपायचे. म्हणून माल होडीत घालून मिसिसिपीतून खाली न्यू ऑर्लिन्सला. ऑक्टोबर १८०२ मध्ये, फ्रान्सला ताबा मिळायच्या आधी, तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यानं बंदरात माल उतरवून ठेवायची मुभा बंद केली आणि सगळं खोरं पेटलं. जेफरसननं मनरोला पाठवलं ते बंदर मिळवायला. हैती या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांच्या उठावानं आणि पीतज्वरानं फ्रेंच फौज संपली होती, म्हणून नेपोलियननं सगळंच विकायला काढलं. यात गुलामगिरी वाढवायचा डाव कुठे दिसतो?

१८२० च्या तडजोडीबद्दल तर माझं मत तुमच्या उलट आहे. त्या वर्षी देश फुटला असता तर उत्तरेनं दक्षिणेला जाऊ दिलं असतं आणि गुलामगिरी आणखी किती पिढ्या टिकली असती कोण जाणे. तडजोडीनं ४० वर्षं मिळाली. त्या काळात उत्तरेत कारखाने आले, रेल्वे आली, युरोपातून माणसं आली. १८६१ मध्ये संघराज्याच्या बाजूला सव्वादोन कोटी लोक होते आणि फुटलेल्या राज्यांत ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम. ते युद्ध त्या ४० वर्षांच्या जोरावर जिंकलं गेलं.

कापूसवेचा:

मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरी तीन पिढ्यांचा कापूस. दोघांच्याही लिहिण्यात कापूस आला नाही याचं नवल वाटलं.

माझी आजी वाती करायला घरचाच कापूस घ्यायची. आम्ही पोरं सरकी काढायला बसायचो. बोटांनी ओढली तरी तंतू सरकीला चिकटूनच राहायचे, वाटीभर कापसाला अर्धा तास जायचा. अमेरिकेत समुद्रापासून आतल्या भागात येणारा आखूड धाग्याचा कापूस असाच चिवट. हातानं दिवसभरात जेमतेम एक पौंड साफ व्हायचा, म्हणून तो लावणं परवडायचंच नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं यंत्र केलं, ज्याला आपण आजही जिन म्हणतो. त्यावर ५० पौंड निघायला लागला. काम सोपं झालं ते सरकी काढायचं, वेचणी मात्र हातानंच राहिली. वेचायला माणसं हवीत आणि लावायला नवी काळी जमीन हवी. अलाबामा आणि मिसिसिपीतल्या जमिनीसाठी धाव सुटली ती यामुळे.

आता नदीकाठ यांच्या ४० वर्षांचा हिशोब. १७९० मध्ये गुलाम होते सुमारे ७ लाख, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडमधली माणसं खालच्या राज्यांत विकली गेली. विक्रीनं आणि मालकांबरोबर मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं अशी हलली. नवरा इकडे, बायको तिकडे, पोरं तिसरीकडेच. उत्तरेला वेळ मिळाला म्हणता, तो यांच्या आयुष्यातून काढून दिलेला आहे, दादा.

युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा आमच्या वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला, हे घरात ऐकतच वाढलो. त्यामागे काय होतं हे कळल्यापासून ती गोष्ट पूर्वीसारख्या अभिमानानं सांगवत नाही.

अक्षरवेल:

कापूसवेचा यांना सहमती. पण सगळेच "नवी जमीन" म्हणताहेत, त्यावर माझी हरकत आहे. ती रिकामी नव्हती.

जॉर्जियातल्या चेरोकी या मूळ रहिवासी लोकांचंच बघा. सेक्वोया नावाच्या माणसानं, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, एकट्यानं आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक पूर्ण उच्चार, आपल्या का, की, कू सारखा. १८२१ मध्ये ती पूर्ण झाली आणि १८२८ मध्ये न्यू एकोटा इथून त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं. त्यांची लेखी राज्यघटना होती, शेती होती. तरी १८३० मध्ये अध्यक्ष जॅक्सननं मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीचा कायदा करून घेतला. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा निसटता पास झाला, म्हणजे "त्या काळी सगळ्यांनाच तसं वाटायचं" हेही खरं नाही. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चेरोकींच्या बाजूनं निकाल दिला, त्याचा उपयोग झाला नाही. जॅक्सननंतरचा अध्यक्ष व्हॅन ब्युरेन याच्या कारकिर्दीत, १८३८-३९ मध्ये, सुमारे १६ हजार लोकांना बंदुकीच्या धाकानं पश्चिमेला हाकललं. त्यातले ४ हजारांच्या आसपास मेले. मागे राहिलेल्या जमिनीवर कापूस आला.

नदीकाठ:

अक्षरवेल, तुमचं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जॅक्सनचं समर्थन मी करणार नाही.

पण फुटीची भाषा एकट्या दक्षिणेची नव्हती. इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धात व्यापार बुडाला म्हणून न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचे, लोक डिसेंबर १८१४ मध्ये हार्टफर्डला जमले, तेव्हा त्यांच्यातही वेगळं व्हायची बोलणी होती. आणि १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलायनानं केंद्राची जकात आपल्याला लागू नाही असं जाहीर केलं, तेव्हा संघराज्य तोडणं म्हणजे देशद्रोह, हे बजावणारा जॅक्सनच होता. स्वतः गुलामांचा मालक, दक्षिणेचा माणूस. लिंकननं अध्यक्ष म्हणून पहिलं भाषण लिहिताना जॅक्सनचा तोच जाहीरनामा समोर ठेवला होता. या लोकांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं, असं मी अजूनही म्हणेन.

वाटसरू:

न्यू ऑर्लिन्सबद्दल मी माघार घेतो, नदीची गरज मी हिशोबात धरली नव्हती. कापसाचा मुद्दा तर मूळ लेखातच हवा होता.

पण "हातात जेवढं होतं तेवढं केलं" हे नाही पटत. व्हर्जिनियात जेफरसनच्याच शेजारचा एडवर्ड कोल्स नावाचा तरुण होता, अध्यक्ष मॅडिसनचा खासगी सचिव. १८१४ मध्ये त्यानं जेफरसनला पत्र लिहिलं, की गुलामगिरी संपवायच्या कामात तुम्ही पुढे व्हा, तुमच्या शब्दाला वजन आहे. जेफरसननं कळवलं की मी म्हातारा झालो, हे तरुणांचं काम आहे, आणि तू तुझे गुलाम सोडू नकोस. जेफरसन १८२६ मध्ये वारला. कर्ज फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला.

कोल्सनं तो सल्ला मानला नाही. १८१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या १७ गुलामांना घेऊन तो ओहायो नदीतून सपाट तळाच्या होड्यांतून पश्चिमेला निघाला. मधेच सगळ्यांना होडीवर एकत्र बोलावलं आणि सांगितलं, या क्षणापासून तुम्ही मोकळे आहात, माझ्याबरोबर या किंवा इथेच किनाऱ्याला उतरा. इलिनॉयला पोचल्यावर कुटुंबप्रमुखांना १६० एकर जमीन दिली. तीच नदी, तीच पश्चिम, तेच वर्ष ज्यात मिसूरीचं भांडण सुरू झालं.

१८२२ मध्ये तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला. राज्यघटना बदलून तिथे गुलामगिरी आणायचा घाट घातला गेला, तेव्हा आपला पगार त्यानं त्या लढ्यात घातला. ऑगस्ट १८२४ मध्ये लोकांनी मतदान केलं. बदलाच्या बाजूनं ४,९७२, विरोधात ६,६४०.