औषधांना वेळ द्या, आणि घरच्यांनाही थेरपीत सामील करा

ओसीडीवर (नको ते विचार सतत मनात येणं आणि त्यापायी एकच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटणं, हा मानसिक आजार) तीन आठवडे गोळ्या घेऊन काडीचाही फरक पडला नाही म्हणून बंद केल्या, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. औषध निरुपयोगी ठरवायला हा काळ फार कमी आहे. ओसीडीत फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांचा परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात आणि डोसही बऱ्याचदा नैराश्यातल्यापेक्षा जास्त लागतो. कृपया परत डॉक्टरांकडे जा, परस्पर बंद करू नका.

ईआरपी या थेरपीबद्दल, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं पण नंतर पुन्हापुन्हा करावीशी वाटणारी कृती टाळायची, यावर चर्चेत बरंच आलंय. पण घरच्यांनी काय करायचं हे कुणीच लिहिलं नाही. माझी बहीण कुलूप तीनतीनदा ओढून बघायची आणि तरी विचारायची, "लागलंय ना गं नक्की?" "हो" म्हटलं की दोन मिनिटं शांत, की परत तेच. थेरपिस्टनी आम्हा सगळ्यांना बोलावून समजावलं की तुमचं हे "हो" म्हणजेसुद्धा एक प्रकारे कुलूप ओढून बघणंच आहे. मग तिच्याच संमतीने ठरलं की उत्तर द्यायचं नाही, फक्त "तुला आत्ता त्रास होतोय ना, मी बसते तुझ्याजवळ" एवढंच म्हणायचं. सुरुवातीला ती चिडायची, रडायची, बघवत नसे. पण हळूहळू विचारणं खरंच कमी झालं. मात्र रुग्णाला न सांगता एकदम गप्प बसू नका, हे थेरपिस्टबरोबर ठरवूनच करा.