एक्सएमएलला शिव्या घालण्याआधी

कोनी_कंस: एक्सएमएल आणि जेसन या फाइलमध्ये माहिती लिहायच्या दोन पद्धती. त्यावरून काल कुणीतरी ठोकून दिलं, "एक्सएमएल हा १९९८ चा कचरा, जेसन आल्यावरच फेकायला हवा होता." बरं. मग यूपीआयचे निरोप बँकांमध्ये कशात फिरतात? एक्सएमएलमध्ये. आधारची ऑफलाइन केवायसी? डिजिटल सही केलेलं एक्सएमएल. तुमची वर्डची फाइल झिप म्हणून उघडा, आत काय निघतं बघा. आणि जेसनमध्ये साधी कमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठी टीप, टाकता येत नाही! टाइमआउट ९० का ठेवलाय हे पुढच्याने काय पत्रिका मांडून ओळखायचं?

उपाशी_पार्सर: एक्सएमएलमध्ये माहितीभोवती कोनी कंसातलं एकच नाव उघडताना लिहा, बंद करताना पुन्हा लिहा. माहिती ॲट्रिब्यूटमध्ये (कंसाच्या आत) की एलिमेंटमध्ये (दोन कंसांच्या मधे), यावर आमच्या टीमची अख्खी मीटिंग गेली. जेसनमध्ये हा वादच नाही. आयकर रिटर्नची युटिलिटीसुद्धा २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसनवर आली. सरकारला कळलं, तुम्हाला कळेना.

मोकळी_जागा: भांडता कशाला, तिसरी पद्धत आहे, यॅमल घ्या. कमेंटही चालते.

कोनी_कंस: नॉर्वेचा कोड 'एनओ' लिहिला की यॅमल १.१ चा पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) त्याला 'नाही' समजतो. अख्खा देश गायब! चुकून टॅब पडला की वर रुसवा. नको.

शाई_सांडली: तुमचं चालू द्या, पण मराठीचं काय? आमच्या वाचनालयाची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलीत) काढली, स्प्रेडशीटमध्ये उघडली तर सगळी भुताटकी. जेसनमध्ये काढली तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेने अक्षरागणिक बॅकस्लॅश-यू आणि चार खुणांचा कोड करून ठेवलं. 'मराठी' एवढ्या शब्दाला ३० खुणा!

उपाशी_पार्सर: पायथनमधली 'एन्श्योर आस्की' ही इंग्रजीबाहेरची अक्षरं कोडमध्ये बदलणारी सेटिंग बंद करा. सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम घाला, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायच्या युनिकोडच्या रीतीत) आहे हे सांगणारी खूण. फॉरमॅटचा काय दोष?

शाई_सांडली: ग्रंथपाल बाईंना सांगू हे? तुम्ही येता का समजवायला?

छापखाना_बंद: यूटीएफ-८ कुठलं घेऊन बसलात! आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टांत. पडद्यावर मराठी, आत इंग्रजी अक्षरं. कुठल्याही कंसात घाला, शोधलं तर हाती शून्य. हे पाप डीटीपीवाल्यांचं.

शाई_सांडली: तोंड सांभाळा. माझे बाबा तेच काम करायचे. तेव्हाची सॉफ्टवेअरं युनिकोडमधली जोडाक्षरं फोडायची. उद्या सकाळी अंक छापायचाय, काय करणार माणूस?

छापखाना_बंद: तेव्हाचं सोडा, आजही तेच चालू आहे!

उपाशी_पार्सर: विषय एक्सएमएलचा होता म्हणे. असो. वाक्याच्या मध्येच ठळक शब्द, तळटीप, असला मजकूर जेसनमध्ये कोंबणं छळ आहे, एवढं मान्य. पुस्तकं न्या तुमच्या कंसांत. माझं ॲप जेसनवरच राहील.

कोनी_कंस: उपकार झाले! स्कीमा (फाइलीत कुठे काय हवं याचे नियम) न तपासता घेतलेलं बिल रात्री दोनला फुटलं, की फोन मात्र मला करू नका.