पोर्टला उच्च प्राधान्य देऊनही आयपी फोनवरील आवाज तुटतो

प्रश्न:
आमच्याकडे दोन मॅनेज्ड गिगाबिट स्विच एकाच केबलने जोडलेले आहेत. पहिल्या स्विचवर २० आयपी फोन असून प्रत्येक फोनच्या मागच्या पोर्टमधून एकेक संगणक जोडला आहे. राउटर आणि बॅकअप सर्व्हर दुसऱ्या स्विचवर आहेत. बॅकअप सुरू झाला की समोरच्याला आमचा आवाज तुटक ऐकू येतो, त्याचा आवाज मात्र आम्हाला स्पष्ट येतो. म्हणून मी फोनच्या सर्व पोर्टना सर्वोच्च प्राधान्य दिले, तरी काहीही फरक पडला नाही. काय चुकले असावे?

उत्तर १:
आवाज एकाच दिशेने तुटतो, या तुमच्या निरीक्षणातच निम्मे निदान आहे. बॅकअपचा सगळा भार पहिल्या स्विचकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे पहिल्या स्विचच्या ज्या पोर्टमधून ती जोडणारी केबल निघते, तिथेच रांग साचते. उलट दिशा जवळपास मोकळी असते. पोर्टला प्राधान्य दिल्याने फोनबरोबर त्याच्यामागचा संगणकही वरच्या रांगेत गेला, म्हणजे बॅकअप आणि आवाज पुन्हा एकाच रांगेत उभे राहिले. प्राधान्य पोर्टला न देता पॅकेटवरील खुणेला द्यावे. पोर्टचे प्राधान्य पूर्ववत करून दोन्ही स्विचवर डीएससीपी (पॅकेटच्या शीर्षातील प्राधान्याची खूण) ‘ट्रस्ट’ सुरू करा, म्हणजे स्विच ती खूण मानेल; आवाजाच्या पॅकेटसाठी वापरले जाणारे ४६ हे मूल्य सर्वात वरच्या रांगेला जोडा, ती रांग ‘स्ट्रिक्ट’ (ती रिकामी होईपर्यंत इतर रांगा थांबतात) ठेवा आणि बाकीच्या रांगांना भारित फेरी पद्धत (ठरलेल्या वाट्यानुसार आळीपाळीने पाठवणे) लावा. स्ट्रिक्ट रांग इतरांची उपासमार करू शकते हे खरे, पण जी.७११ कोडेकच्या (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) एका संभाषणाला एका दिशेने सुमारे ९० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. वीसही फोन एकाच वेळी चालू असले तरी दोन मेगाबिटच्या आतच काम भागते. बॅकअपला ते जाणवणारही नाही.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. डीएससीपीवर सरसकट विश्वास ठेवल्यास एखादा संगणकही स्वतःच्या पॅकेटवर ४६ लिहून पुढे घुसू शकतो. फोनसाठी वेगळे व्हॉइस व्हीलॅन (त्याच केबलवरचे आवाजासाठीचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) ठेवून त्याच्या टॅगमधील, म्हणजे फ्रेमला जोडलेल्या ओळखचिठ्ठीतील, ८०२.१पी प्राधान्यावर विश्वास ठेवला, तर संगणकाच्या टॅग नसलेल्या फ्रेम आपोआप पोर्टच्या मूळ प्राधान्यात, म्हणजे शून्यात, पडतात. तसे केल्यास दोन स्विचमधल्या केबलवर ते व्हीलॅन टॅगसह जायला हवे, कारण टॅग गळला की प्राधान्यही गळते. शिवाय राउटरपलीकडची इंटरनेट जोडणी भरली असेल, तर स्विचवर काहीही केले तरी उपयोग होणार नाही; तो बंदोबस्त राउटरवरच करावा लागतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. तूर्त उत्तर १ प्रमाणे बदल केले, पण पहिल्या दिवशी परिस्थिती जैसे थे राहिली. पॅकेट पकडून पाहिली तेव्हा आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ऐवजी ११ दिसले. आमच्या फोनमधील रकाना सहा बिटांचे डीएससीपी मूल्य नव्हे, तर आठ बिटांचा संपूर्ण बाइट मागतो. तिथे मी ४६ लिहिले होते, त्यामुळे वरचे सहा बिट ११ झाले आणि स्विचने ती पॅकेट खालच्या रांगेत टाकली. तिथे ४६ गुणिले ४, म्हणजे १८४ लिहिल्यावर आवाज सुधारला. आता बॅकअप चालू असताना त्या पोर्टवर खालच्या रांगेतील पॅकेट गळालेली दिसतात, वरच्या रांगेतील एकही नाही. व्हॉइस व्हीलॅनचे काम सुट्टीच्या दिवशी हाती घेईन.